दोन टाके

नोएडातल्या शिलाई कारखान्यात मशीनवर सगळ्या बायका आणि पुरुष एकटा बबन. मान वर करून बोलायलाही तो लाजायचा. आज कुणीतरी त्याच्या स्टुलावर गोंद लावून ठेवला होता. साहेबांनी हाक मारली तसा तो ताडकन उठला, स्टुलासकट आपटला आणि त्याची पँट मागून टर्रकन फाटली. बायका हसून हसून लोळल्या. हसली नाही ती फक्त अमरावतीची सुनयना.

“दादा, त्या कपाटामागे जा आणि पँट माझ्याकडे द्या. दोन टाके घालून देते.”

बबनचे डोळे भरून आले. “ताई, इथं आपलं कुणी आहे म्हणून बरं,” म्हणत त्याने कपाटाआडून पँट पुढे केली.

ती हवेत फडकवत सुनयना बायकांच्या घोळक्याकडे धावली.

“देखा? मैंने कहा था ना, मराठी में बोलूँगी तो उतारके दे देगा!”