वर अडकलेला पाळणा

नवऱ्याने हाताला घट्टे पडेपर्यंत गाडीचे लोखंडी दांडे ओढून धंदा केला आणि या शहाण्या लेकाने ते भंगारात घालून पोरांचं खेळणं बसवलं, हे मनोरमाबाईंचं गाऱ्हाणं पेणकरपाड्यात सगळ्यांना पाठ होतं.

खेळणं म्हणजे रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायला माणसाला पाळण्यातून वर नेणाऱ्या गाडीची जॉयस्टिक. तिची वायर पाळण्यातल्या डब्याला जोडलेली, डब्यात तळहाताएवढा कॉम्प्युटर. जॉयस्टिक पुढे दाबली की तेलाच्या दाबावर गाडीचा लांब हात पाळण्यासकट वर जाई, मागे ओढली की खाली. हट्टाला पेटलीच तर नीरज वायरची पिन काढून परत खुपसायचा. बाई बाजूला शेंगा सोलत नाक मुरडायच्या.

आज सिल्व्हर पार्कचा शेठ ही गाडी विकत घ्यायला आला होता. नीरजला नाशकात नोकरी लागली होती, त्याच्या बायकोने, सुरुचीने, तिथे खोलीसुद्धा बघितली होती. पण गाडी असेपर्यंत आई गाडीची ही शेड सोडणार नव्हती, आणि आईला टाकून तो जाणार नव्हता.

"परक्याच्या दारी जायच्या आधी शेवटचा हार मी घालणार," म्हणत बाई जाडजूड हार घेऊन पाळण्यात चढल्या.

पाळणा तिसऱ्या मजल्याएवढा वर गेला आणि थांबला.

"नीरज, अडकलं रे."

त्याने मोबाईल बघितला. डब्यातला कॉम्प्युटर त्यावर जॉयस्टिक सापडत नाही, असं दाखवत होता.

"आई, पिन काढून परत लाव."

"कसली पिन? मी चौथी नापास बाई. म्हटलं होतं ना, खेळणं ते खेळणंच."

पाळणा खालून हाताने उतरवायचा तेलाचा नळ बसवायचा राहिला होता. नीरजने शिडी लावली, ती निम्म्यावरच संपली.

"मशीन में खोट है, भाई," शेठ म्हणाला. "मेरा आदमी ऐसा लटक गया तो?"

"शेठ, पाच मिनट रुको."

"नहीं चाहिए."

नीरज शिडीच्या शेवटच्या पायरीवर तसाच उभा राहिला. वर जाता येईना, खाली उतरवेना.

शेठची गाडी वळणाआड गेली. बाईंनी हार बाजूला सारला, त्याच्याखालची पिन उचलली, पदराने पुसली आणि डब्यात खुपसली. पाळणा एकही हिसका न देता खाली आला, नीरजच्या तोंडासमोर थांबला.

"मशीनमध्ये खोट नाही," त्या म्हणाल्या. "विकणाऱ्यात आहे."