कोव्वूरपर्यंत कोरडा खिसा

“आचारीगारू, छाती निळी झाली तुमची!” नूकराजू ओरडला, तेव्हा त्याची लाँच गोदावरीच्या मधोमध होती.

अप्पलाचारींनी मान खाली घातली. पांढऱ्या सदऱ्याच्या खिशातली शाई पोटाच्या दिशेने निघाली होती. शेजारच्या म्हातारीने घाईघाईने हात जोडले. “नीलकंठच की हो!”

“गळ्यात राहिलं नाही वाटतं, घसरलं खाली,” नूकराजू म्हणाला.

अख्खी लाँच हसली. आचारीही हसले.

राजमुंद्रीतल्या त्यांच्या पेनांच्या दुकानाला वडिलांनी घालून दिलेला नियम होता. नव्या तऱ्हेचं पेन विकायचं, तर आधी बनवणाऱ्याने ते शाईने भरायचं, निब खाली करून स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात ठेवायचं आणि लाँचने पलीकडे कोव्वूरला जाऊन परत यायचं. खिसा कोरडा, तर पेन पास.

मागच्या खेपेला कोव्वूरच्या धक्क्यावर त्यांना एक वरबाप भेटला, जुनं गिऱ्हाईक. दोघांनी कडकडून मिठी मारली. दोघेही निळे. मुलीकडच्यांना वाटलं, वरपक्षाची रीतच असेल. त्यांनी बिचाऱ्यांनी शाईची बाटली मागवली आणि स्वतःलाही माखून घेतलं.

जन्मभर आचारींनी ड्रॉपरने भरायची पेनं केली. हे पेन निराळं. मागचं बटण दाबलं की आतली रबराची पिशवी चेपायची, सोडलं की आपणहून शाई प्यायची. वडिलांनी त्याचं चित्र एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढून ठेवलं होतं. करायचं राहून गेलं. आचारींनी तशी डझनभर घडवायला घेतली होती. पहिलं पास झालं की बाकीचीही द्यायची, दुकानाला कुलूप लावायचं आणि नवराबायकोने हैदराबादला मुलाकडे राहायला जायचं. मुलाला, चंद्रमौळीला, त्यांनी तसा शब्दच दिला होता. गोदावरीत उभं राहून.

आचारी घरी आले, तर बायको मंगतायारू दारातच उभी.

“फुटलं?”

“फुटलं.”

“अहो, तिकडे नातवाला दाढी फुटेल! मी कधीची ट्रंक भरून बसलेय.”

“रबरच वाईट, गं.”

“मागच्या वेळी म्हणालात, लाख वाईट.”

“लाख तू लावतेस.”

मंगतायारूने त्यांचा सदरा उतरवून घेतला. “मग रबरच वाईट,” ती म्हणाली.

तीही कारागिराच्याच घरातली मुलगी. रबराची पिशवी निबेच्या मागे लाखेने चिकटवायचं काम लग्नापासून तिचं. नवऱ्याच्या हाताला तेवढी सफाई नव्हती. तिने पूतरेकुलू मिठाईच्या रिकाम्या डब्यातून सुई काढली, सदऱ्याचा निळा खिसा उसवला आणि नवा लावला. आचारींचे सगळे सदरे जुने होते, खिसे तेवढे कोरे करकरीत.

आचारी लेथवर बसले. लेथचा पट्टा त्यांनी नुकताच नवा घातला होता. एबोनाइटची काळी कांडी फिरायला लागली आणि तो जळका, गंधकाचा वास सुटला. या वासात ते लहानाचे मोठे झाले. जून महिना आला की दुकानापुढे पोरांची रांग लागायची. वडील प्रत्येकाला आधी स्वतःचं नाव लिहायला लावायचे, हात कसा पडतो ते बघायचे आणि त्या हाताजोगी निब घासून द्यायचे. एकदा एक पोरगं पेन हातात आल्यावर आनंदाने रडलं होतं. पुढे ते तहसीलदार झालं आणि त्याने लोकांना रडवलं. पण पेन तेच वापरायचं.

“अहो, कॉफी निवतेय,” मंगतायारू म्हणाली. ती रोज इथेच येऊन बसायची, लेथच्या बाजूच्या स्टुलावर. भुसा पदरावर उडायचा. ती झटकायची नाही.

अखेर चंद्रमौळी स्वतःच आला. टेम्पो घेऊन आणि परदेशी रबराची पिशवी घेऊन.

“नान्ना, हिच्यावर बैल नाचवा. फुटणार नाही!”

ती पेनात बसवून होताच त्याने दुकानातली सगळी हत्यारं खोक्यांत भरली आणि खोकी खिळ्यांनी ठोकून टाकली. मग स्वयंपाकघरात डोकावला.

“अम्मा, एवढ्या बरण्या आवकायच्या? उद्या तर निघायचंय!”

“लोणचंच ते. कुठेही मुरेल.”

“आणि अंगणात शेवगा कशाला लावलास?”

“फांदी पडली होती, खोचली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आचारींनी पेन भरून बायकोच्या हाती दिलं. तिने ते आतल्या खोलीतल्या देवघरात नेलं आणि नव्या पेनाला दृष्ट लागू नये म्हणून नेहमीसारखं दार लोटून पूजा केली. बाहेर आली ती हळदीकुंकू लावलेलं पेन घेऊन.

“या वेळी होऊ दे बाई पास,” ती मुलाकडे बघून म्हणाली. “कंटाळले मी या गावाला.”

“होणारच,” आचारी म्हणाले. “एकदा शेवटचं आतून तपासून घेतो.”

“नान्ना, लाँच सुटेल!”

“नूकराजू माझ्याशिवाय सोडत नाही. त्याच्या गिऱ्हाइकांची करमणूक बुडते.”

आचारींनी आतल्या खोलीत जाऊन कडी लावली. बाहेर चंद्रमौळी कुलूप हातात घेऊन खुळखुळवत होता. रिकाम्या भिंतीवर वडिलांचा फोटो तेवढा उरला होता. आचारींनी त्याच्याकडे पाहणं टाळलं आणि नेहमीच्या जागी हात घातला. पण गिरमिट नव्हतं. तेही खोक्यात गेलं होतं. आता पिशवीला नेहमीसारखं, लाखेच्या जरा खाली, बारीकसं भोक पाडायचं कशाने? त्यांना कोनाड्यातला पूतरेकुलूचा डबा दिसला. त्यांनी झाकण काढलं, दोऱ्यांच्या गुंड्या बाजूला सारल्या आणि सुई उचलली.

सुईचं टोक निळं होतं. अजून ओलं.