शंका आली तर

राजकुमारनं इंजिन बंद केलं आणि तो गाडीतून उतरून सरळ नंदकिशोरपुढं येऊन उभा राहिला.

"सर, ब्रेक बरोबर नाई वाटून राह्यला. लेकरं बसवाले मन होत नाई."

नेरच्या त्या यार्डात शाळेच्या पिवळ्या गाड्या निघायच्या बेतात होत्या. सहामाहीचा पहिला पेपर होता. राजकुमारच्या गाडीला सगळ्यात लांबचे तांडे घ्यायचे होते, आणि तिकडची लेकरं एव्हाना रस्त्यावर येऊन उभी असणार होती. नंदकिशोर या गाड्यांचा मॅनेजर. घड्याळ पाहावंसं वाटत असूनही त्यानं ते पाहिलं नाही.

तो स्वतः गाडीत चढला, पेडल दाबलं. ब्रेक लागला. पुन्हा दाबलं, पुन्हा लागला. लागतोय की रे, असं तो म्हणाला तेव्हा त्याच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. राजकुमारनं मान हलवली. आता लागला, पण मघाशी एकदा पेडल पार खाली गेलं होतं, असं तो म्हणाला. बिघाड नसेलही कदाचित. पण शनिवारी सरांनीच सांगितलं होतं.

शनिवारी नंदकिशोरनं ड्रायव्हर लोकांचं ट्रेनिंग घेतलं होतं. शाळेची अटच होती तशी. समोसे आले, पडद्यावर चित्रं दाखवून झाली, आणि शेवटी तो म्हणाला होता, शंका आली तर गाडी जागेवर उभी करा, पुढचं मी पाहून घेईन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बोलताना त्यालाही बरं वाटलं होतं.

मागच्याच महिन्यात शाळेनं बजावलं होतं, पुन्हा एखादी खेप चुकली तर कंत्राट दुसऱ्याला. त्यानं मालकांना, बापूजींना फोन लावला. बापूजी रागावले नाहीत. मिस्त्री दुपारी येईल, तोवर गाडी हळू चालवा म्हणाले. पोरगा नवा आहे, घाबरला असेल. जुन्या माणसाला बसवा, म्हणाले.

जुना माणूस म्हणजे हिरासिंग. तो आपल्या गाडीला टेकून सगळं ऐकत होता. बाकीचे ड्रायव्हरही ऐकत होते. त्यांची इंजिनं सुरू होती, पण एकही गाडी फाटकाकडं वळली नव्हती.

"हिरासिंगभाऊ, ही गाडी तुम्ही नेता का?"

हिरासिंगनं त्या गाडीकडं पाहिलं, राजकुमारकडं पाहिलं, मग नंदकिशोरकडं. "तुम्ही म्हणसान त नेतो, सर."

नंदकिशोर 'न्या' म्हणणारच होता. शब्द ओठांवर आला होता. पण त्याच्या डोळ्यांपुढं तांड्याच्या अलीकडचा तो उतार आला, खाली नाल्यावरचा बिनकठड्याचा पूल आला, आणि मागच्या सीटवर एकमेकांच्या अंगावर रेलणारी लेकरं आली. हिरासिंग वाट पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर हो नव्हतं, नाही नव्हतं. जे सांगाल ते.

"नको," नंदकिशोर म्हणाला. "ही गाडी जाणार नाही."

मग त्यानं फोन करायला सुरुवात केली. बापूजी म्हणाले, शाळेला तुम्हीच सांगा, आणि पुढं काय होईल तेही तुम्हीच भोगा. मुख्याध्यापिका बाईंनी पेपरचं कारण काढून त्याला चांगलंच फैलावर घेतलं. आपलं नेमकं काय चुकलं हे त्याला सांगता येईना, तरी तो हो मॅडम, हो मॅडम करत राहिला. दुसरी गाडी आपली लेकरं शाळेत सोडून मग तांड्यांवर जाईल, तोवर पेपर थांबवा, एवढंच त्यानं लावून धरलं. शेवटी त्या हो म्हणाल्या, पण आजच्यापुरतं. त्यानं फोन ठेवला. घरी बायकोला, सुचित्राला काय सांगायचं, हे त्यानं तिथंच ठरवायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं.

राजकुमार अजून तिथंच उभा होता.

"मी घरी जाऊ काय मंग?" त्यानं हळूच विचारलं.

"कायले?" नंदकिशोर म्हणाला. "मिस्त्री येईल, त्याला नीट सांग काय झालं ते. आणि चहा घे आधी."

राजकुमार गेला. यार्डात एक इंजिन बंद केल्याचा आवाज आला, मग दुसरं. नंदकिशोरनं वळून पाहिलं. हिरासिंग त्याच्याकडं येत होता, मान खाली घालून. आला, आणि त्यानं आपल्या गाडीची किल्ली नंदकिशोरच्या हातावर ठेवली.

"माह्या गाडीचं मागचं दार चालता चालता उघडते, सर. सुतळीनं बांधून चालवून राह्यलो. पोळ्यापासून."

पोळ्यापासून. रोज, लेकरं भरून.

"आणि तुम्ही आज सांगता?"

हिरासिंग बाजूला सरकला. त्याच्या मागं दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर भावसिंग येऊन उभा होता, त्याच्याही हातात किल्ली होती.