न धुतलेला कपडा

शेल्टरवाल्या बाईंनी बजावलं होतं, "घरातल्या माणसाचा न धुतलेला कपडा कुत्र्याखाली अंथरा. वास ओळखीचा झाला की रुळेल. नाहीच रुळला, तर परत नेऊ."

मुलुंडच्या त्या घरात बहिणी दोघीच. सुलक्षणाने स्वतःचा गाऊन अंथरला, मग रुचिराची ओढणी. काळूने दोन्ही कपडे हुंगून सोडले आणि तो कपाटासमोर येरझारा घालत कुंईकुंई करत राहिला.

"ताई, उघड ना एकदाचं! डोकं उठलं यार," रुचिरा वैतागली.

सुलक्षणाने कपाट उघडलं. काळू साड्या सोडून थेट दागिन्यांच्या चोरकप्प्यावर नखं मारू लागला. तिने त्यालाही किल्ली लावली.

आत पुरुषाचा शर्ट कोंबलेला होता. या घरात पुरुष कधी राहिलाच नव्हता.

काळू आनंदाने शेपूट हलवू लागला.

तिने शर्ट बाहेर ओढला. तो घामाने भिजलेला होता, आणि अजून गरम.