गवराबाईचं पातेलं

फोन आला तेव्हा भिवा आकुर्डीत टेम्पोवर माल चढवत होता.

"कंपनीत आग लागली. सकाळच्या हजेरीत शालनचं नाव आहे. लवकर या."

भिवा माल तसाच टाकून निघाला.

दवाखान्यात पोलिसानं चादर बाजूला केली. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. भिवानं पायांकडे बघितलं.

"तुमचीच बायको ना? पायात जोडवी नाहीत."

"मशीनवर काम करताना काढून ठेवायला लावतात," भिवा म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला. पोलिसानं कागद पुढे केला. त्यानं सही केली.

दुःखाच्या घरात चूल पेटत नाही. चाकणच्या त्या चाळीत शेजारच्या गवराबाई रोज पातेलंभर पिठलं आणि भाकऱ्या आणून द्यायच्या. भिवा दारातच घ्यायचा.

"कस्तुरा दिसत न्हाई ती?" त्यांनी एकदा विचारलं. कस्तुरा पलीकडच्या खोलीत भाड्यानं एकटी राहायची आणि शालनच्याच कंपनीत कामाला होती.

"गावी गेली. जालन्याला."

"बरं झालं. ठेकेदारानं ब्रेक दिल्यापास्नं पोर बसूनच होती."

कायम करावं लागू नये म्हणून सात महिने भरत आले की ठेकेदार बायकांना ब्रेक द्यायचा, म्हणजे घरी बसवायचा. पुन्हा कधी बोलावेल याचा नेम नसायचा.

एका दुपारी युनियनच्या कुसुमताई आल्या. चटईवर बसल्या.

"शेडला बाहेरून कुलूप होतं, असं बाया सांगतात. सोमवारी कामगार अधिकाऱ्यांसमोर तुम्ही या. शालनबाई तुम्हाला घरी येऊन सांगायच्या ना, कुलूप लावतात म्हणून?"

"सांगायची."

"मग तेवढंच बोला. ठेकेदार म्हणतो, हजेरीत ज्याचं नाव नाही त्याच्याशी आमचा संबंध नाही. शालनबाईंचं नाव आहे. कायद्यानं भरपाई त्याला चुकवता येणार नाही."

"मला भीती वाटते, ताई."

"कुणाची? त्या ठेकेदाराची? अहो, तोच घाबरून पळतोय." त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. "तुम्ही फक्त खरं सांगायचं, भाऊ. बाकी आम्ही बघू."

"थोडं पाणी मिळेल?" म्हणत कुसुमताई मोरीच्या पडद्याकडे निघाल्या.

"बसा, बसा! मी आणतो." भिवा एवढ्या घाईनं उठला की त्याच्या पायानं चटई गोळा झाली.

तेवढ्यात गवराबाई दारात आल्या. हातात सकाळी परत दिलेलं पातेलं.

"भिवाभाऊ, ह्ये काय हाय?"

पातेलं घासून लख्ख केलेलं होतं. तळाशी मूठभर साखर होती.

भिवाला पडद्याकडे बघायचा धीर होईना.

गवराबाईंचे डोळे भरून आले. "शालननं माझं भांडं कधी रिकामं धाडलं न्हाई. तुमी तिची रीत राखली. पर भाऊ, सुतकात साखर घालत न्हाईत. पुरुषाला कुठनं ठाऊक असणार म्हना."

"नव्हतं ठाऊक," भिवा कसाबसा म्हणाला.

कुसुमताईंनीही पदरानं डोळे टिपले. "सोमवारी मी न्यायला येते," असं सांगून त्या निघाल्या. गवराबाई त्यांच्यामागून गेल्या. दोघींची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत भिवा दाराला कान लावून उभा राहिला. मग त्यानं कडी लावली आणि मोरीचा पडदा सारला.

"साखर कशाला घातलीस?"

"सवयीनं हात गेला," शालन कुजबुजली. बसून बसून तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. ती भिंत धरून उठली. "पोलीस नेतील का हो मला? ताप मला आला होता. एका दिवसाची हजेरी बुडू नये म्हणून कस्तुराला माझं कार्ड देऊन पाठवलं मी. तेवढीच तिलाही मजुरी मिळेल म्हटलं."

"हळू बोल."

"तिच्या आईला कळवलंत?"

भिवानं मान खाली घातली. जालन्याला कस्तुराच्या आईला अजून कळवायचं राहिलं होतं.