दोघींचं नांदणं

एकाच कॉम्प्युटरवर नवरा-बायकोच्या दोन वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम. नवऱ्याने आपली नव्याने टाकली आणि कॉम्प्युटरने सुरू होताना ‘कोणती उघडू?’ हे विचारणंच सोडलं. थेट त्याचीच उघडायची. तिची गायब.

“सवतीच त्या, एका डब्यात कशा नांदणार?” नवरा हसला. “माझ्या सिस्टिमवर कर की काम. तुझं काय अडतंय?”

ती दुरुस्तीचा पेनड्राइव्ह लावून हट्टाने बसली. तिची सिस्टिम जागच्या जागी होती. सुरुवातीच्या मेनूतून तेवढं नाव उडालं होतं. ते तिने परत आणलं आणि या वेळी सगळ्यात वर बसवलं.

संध्याकाळी नवरा ओरडला, “अगं, दहा सेकंदांत आपोआप तुझीच उघडतेय! माझी हवी असेल तर दर वेळी मी धावत येऊन बटण दाबायचं?”

“हो. लग्नापासून मी तेच करतेय,” ती जागची न हलता म्हणाली. “तुझं काय अडतंय?”