मनोऱ्याच्या पायथ्याशी

बाबा गेल्यावर आईने स्वतःहून कुठे जायचं नाव काढलं ते पहिल्यांदाच. म्हणून जिनेव्राने मिलानमधला अभ्यास बाजूला ठेवला आणि शनिवार-रविवारसाठी ती आईला बोलोन्याला घेऊन आली. जिनेव्राच्या वेळी दिवस गेले तेव्हा आईने जे विद्यापीठ सोडलं, ते इथलंच.

शहरातल्या जुन्या, उंच मनोऱ्यापाशी पोचल्यावर मात्र आई पायथ्याच्या कट्ट्यावर बसली. "तू जा वर. मी बॅग सांभाळते."

"गुडघे दुखतायत का?"

"गुडघे ठणठणीत आहेत. पण इथला विद्यार्थी पदवीआधी वर चढला, तर त्याला पदवी मिळत नाही म्हणतात."

"अगं आई, ते विद्यार्थ्यांसाठी. तुला कॉलेज सोडून बावीस वर्षं झाली."

"तुझे बाबाही हेच म्हणायचे. इथे आलो की दर वेळी, आता काय बिघडतंय, चल. एकटेच चढायचे आणि वरून हात हलवायचे."

"मग मीही एकटीच चढते. पण आधी सांग, दोन दिवसांसाठी या बॅगेत दगड भरलेस का? स्टेशनपासून माझा खांदा निघालाय."

जिनेव्राने बॅगेची चेन ओढली. स्वेटरखाली कायद्याची चार जाडजूड पुस्तकं होती आणि त्यांच्या पानापानावर आईच्या अक्षरातल्या ताज्या चिठ्ठ्या.

"उद्या संध्याकाळच्या गाडीने तू एकटीच परत जा," आई म्हणाली. "माझी सोमवारी नऊला तोंडी परीक्षा आहे."